म मोराचा

वाठोड्याची शाळा, दुसरी ब,
हजेरीपटावर एकेचाळीस,
आणि दाखल-खारीजच्या वहीत
मातृभाषेला एकच रकाना, बोटभर.
दोन वर्षं मी त्यात डोळे मिटून 'हिंदी' भरत आले.
हिंदी लिहिलं की पुढे कुणी विचारत नाही.

डोमेश्वर जुलैत आला,
सिमेंट रोडच्या कामावरच्या टोळीबरोबर.
पाटीवर हात ठेवून म्हणाला, मोर.
वाटलं, चित्र हवंय पोराला.
काढून दिलं. तुरा, पिसारा, पिसाऱ्यातले डोळे, सगळं.
तो रडायला लागला.
दुसऱ्या दिवशी दप्तर पोटाशी धरून पुन्हा तेच, मोर.
मी पुन्हा खडू उचलला.
शेवटी नायला उठली, हसनबागची, तीन भाषांत भांडणारी:
"मॅडम, मोर नाही मागून राहिला तो.
माझं आहे म्हणून राहिला!"

दोन दिवस मी त्याच्या 'माझं'वर
पिसं काढत बसले होते.

फुलवंता मरसकोल्हेचं वेगळं.
ती बोलायचीच नाही. फक्त खिचडीच्या सुट्टीआधी
दाराकडे बघून पुटपुटायची, येर, येर.
कुणाला बोलावते गं, ये रे म्हणून?
बापाला? छिंदवाड्याकडे राहिलेल्या भावाला?
ऑगस्ट उलटला तेव्हा कळलं,
येर म्हणजे पाणी.
दारामागेच तर होता रांजण.

मला तरी कुठे नवीन होतं हे.
पुण्याच्या प्रशिक्षणात एकदा मी "काऊन?" विचारलं
तर अख्खा हॉल हसला होता, प्रेमानं,
आणि उरलेले चार दिवस मी प्रश्नच विचारले नाहीत.
परत आल्यावर मात्र
'काऊन नाही, का म्हणावे'
असं फळ्यावर मीच लिहिलं. वळणदार अक्षरात.

आता आमचा वर्ग हळू चालतो.
रांजणावर चिठ्ठ्या आहेत, पाणी, पानी, येर,
आणि एक नीळ्ळु, व्यंकटेशच्या आजीला फोन करून विचारलेली.
ओल्या हातांनी रोज निघतात, रोज चिकटवतो.
गणित आधी आपापल्या भाषेत भांडून घ्या म्हणते,
उत्तर मग मराठीत सांगा.
गोंगाट होतो. ढोबळे बाई भिंतीपलीकडून डस्टर आपटतात.
पुस्तकात मी दोन धडे मागे आहे.
गोंडीत मला 'भूक लागली का' एवढंच येतं,
तेही चुकीचं, असं फुलवंता म्हणते.
पण म्हणते. मोठ्यानं.

जानेवारीत केंद्रप्रमुख आले, वाचन तपासायला.
शब्दकार्ड पुढे केलं. डोमेश्वरनं वाचलं, मोर,
आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला,
पुढचा शब्द येईल म्हणून.
माझं, पण काय माझं?
सरांनी कार्ड उलटवलं, चित्राची बाजू.
"हे काय आहे, बेटा?"
त्याचा चेहरा उजळला. "मंजूर."
"मजूर? अरे, वडील काय करतात ते नाही विचारलं."

तपासणी चालू असताना बोलायचं नसतं. मी बोलले.
सर, त्याच्या घरी मोराला मंजूर म्हणतात.
आणि मोर म्हणजे त्याच्याकडे...
तिथे माझंच वाक्य अडखळलं.
सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
शेऱ्याची ओळ आखूड होती.
"मग काय लिहू, मॅडम?"
डोमेश्वरला वाटलं, त्यालाच विचारताहेत.
कार्ड छातीशी धरून म्हणाला,
"मोर मंजूर,"
आणि काही केल्या ते परत देईना.